अकरा आणि तीन

७ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री लास वेगासमध्ये डेमेट्रियस जॉन्सन नावाच्या पाच फूट तीन इंची माणसाने रे बोर्गला पाठीमागून कमरेला विळखा घालून उचललं आणि हवेत भिरकावलं. बोर्ग जमिनीला टेकायच्या आतच जॉन्सनने त्याचा हात धरला होता. पाठ टेकेपर्यंत त्या हाताला कोपर उलटं ताणणारा आर्मबार बसला. पाचवी फेरी चालू होती, आदल्या चारही फेऱ्या जॉन्सननेच खिशात घातल्या होत्या. नुसतं पळत राहिला असता तरी जिंकला असता. फ्लायवेटचा, म्हणजे १२५ पौंडांचा (५६.७ किलो) किताब, यूएफसी या पिंजऱ्यातल्या झुंजी भरवणाऱ्या संस्थेचा, त्याने सलग अकराव्यांदा राखला आणि अँडरसन सिल्वाचा दहाचा विक्रम मोडला.

साडेतीन महिन्यांनी, २० जानेवारी २०१८ ला, बोस्टनमध्ये स्टिपे मिओचिच या ओहायोच्या अग्निशमन दलातल्या जवानाने फ्रान्सिस एंगानूला पाच फेऱ्या दमवला आणि हेवीवेटचा किताब राखला. तोही विक्रमच होता. सलग तिसऱ्यांदा! यूएफसी सुरू होऊन तेव्हा चोवीस वर्षं झाली होती आणि तोवर एकाही हेवीवेटला हे जमलं नव्हतं. त्याच्या पुढे आजही कोणी गेलेलं नाही.

एकाचा विक्रम अकरा, दुसऱ्याचा तीन. मग जॉन्सन मिओचिचच्या जवळजवळ चौपट मोठा झाला का? असं कोणीच म्हणत नाही. उलट पिंजऱ्यातल्या झुंजींचा सामान्य प्रेक्षक मिओचिचचं नाव आधी घेईल. हा खेळ पाहणारी माणसं एकत्र आली की ‘सगळ्या वजनांत मिळून सर्वांत मोठा कोण’ हा वाद निघतोच. आपल्याकडे तो रविवारी सकाळी निघतो, कारण अमेरिकेतली शनिवारची रात्र ती आपली पोह्यांची वेळ. वादात नावं साधारण ठरलेली असतात: जोन्स, सेंट-पिएर, सिल्वा, फ्योदोर, खबीब आणि शेवटी, जरा उपकार केल्यासारखा, जॉन्सन. मला हा क्रम मान्य नाही. का नाही, ते सांगायचं तर आधी वजनाकडे वळावं लागेल.

हा खेळ सुरू झाला तोच मुळी वजन नाकारून. १२ नोव्हेंबर १९९३ ला अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात आठ जण एका अष्टकोनी पिंजऱ्यात उतरले. वजनगट नव्हते, फेऱ्या नावालाच होत्या, नियम बोटांवर मोजण्याइतके. पहिल्याच लढतीत नेदरलँडच्या जेरार्ड गोर्दोने तेइला तुली या सुमो मल्लाच्या तोंडावर लाथ मारली, तेव्हा तुलीचा दात गोर्दोच्या पायात रुतला. आर्ट जिमरसन नावाचा मुष्टियोद्धा एकाच हातात ग्लोव्ह घालून आला होता. आणि या सगळ्यांत पांढरा झगा घातलेला, सुमारे ८० किलोंचा, शिडशिडीत ब्राझिलियन तरुण होता, रॉइस ग्रेसी. ग्रेसी कुटुंबात त्याच्याहून तगडा आणि तयारीचा भाऊ होता, रिक्सन. पण थोरल्या रोरियनने मुद्दाम किरकोळ दिसणाऱ्या रॉइसला पुढे केलं. जाहिरात करायची होती ती माणसाची नव्हे, घरच्या विद्येची. तिन्ही लढती मिळून रॉइसला पाच मिनिटंही लागली नाहीत.

वर्षभराने, चौथ्या स्पर्धेत, तो डॅन सेव्हर्न या शंभर किलोंच्या बऱ्याच वर असलेल्या कुस्तीगिराखाली पंधरा मिनिटं दबलेला होता. पाहणाऱ्यांना वाटलं, आता संपलं. तेवढ्यात रॉइसने खालूनच पाय वर टाकून सेव्हर्नच्या मानेभोवती त्रिकोण आवळला. लहान चणीचा माणूस डावाच्या जोरावर डोंगराएवढ्याला लोळवतो, हे जगाला पटलं. आपल्याला ते नवं नव्हतं. १९१० साली लंडनला गेलेल्या गामा पैलवानाने वजनाची अट न ठेवता सगळ्यांना आव्हान दिलं होतं, आणि स्टॅनिस्लाउस झबिस्को हा त्याच्याहून जड पोलिश मल्ल अडीच तासांहून जास्त वेळ जमिनीला चिकटून पालथा पडून राहिला होता. पुन्हा कुस्ती धरायची ठरली त्या दिवशी तो आलाच नाही. १९२८ मध्ये पतियाळात दोघे परत भिडले तेव्हा गामाने त्याला मिनिटभरही टिकू दिलं नाही.

पण रॉइसची कहाणी पुढे वेगळं वळण घेते, आणि सगळा वाद त्या वळणावर उभा आहे. ग्रेसींची विद्या बाकीच्यांनी शिकून घेतली. कुस्तीवाल्यांनी गळा सोडवायला शिकलं, मुष्टियोद्ध्यांनी पट अडवायला शिकलं. डाव सगळ्यांना आले तसं वजन परत बोलू लागलं. १९९७ च्या फेब्रुवारीत यूएफसीने दोन गट केले, २०० पौंडांच्या वरचे आणि खालचे. २००० साली न्यू जर्सीत एकसारखी नियमावली आली आणि मग हळूहळू आजचे आठ पुरुष गट स्थिरावले: १२५, १३५, १४५, १५५, १७०, १८५, २०५ आणि २६५ पौंड. २००६ च्या मे महिन्यात रॉइस परत आला. समोर मॅट ह्यूज, जवळपास त्याच्याच वजनाचा. ह्यूजने पहिल्याच फेरीत त्याला खाली घालून ठोशांनी संपवलं. विद्या समान झाली तेव्हा वेळ आणि वय दोन्ही ह्यूजच्या बाजूने होतं.

वजन म्हणजे फक्त मोठं शरीर नव्हे. शरीर दुप्पट झालं म्हणून स्नायूंची ताकद दुप्पट होत नाही, ती वजनाच्या मागे पडते. म्हणून ५७ किलोंचा माणूस स्वतःच्या वजनाच्या मानाने नेहमीच जास्त बळकट, जास्त चपळ असतो आणि पाचव्या फेरीतही पहिल्या फेरीसारखा हलतो. दुसरीकडे जबडा आणि मेंदू ठोशाच्या प्रमाणात कणखर होत नाहीत. हातातले ग्लोव्ह चार औंसांचे, बॉक्सिंगच्या निम्मे किंवा त्याहून कमी. १२० किलोंचा माणूस तसल्या ग्लोव्हमधून एक ठोसा बरोबर बसवतो तेव्हा आधीच्या चार फेऱ्यांत कोण किती शहाणपणाने खेळला याचा हिशेब कोणी मागत नाही. जड गटांत लढती ठोशा-लाथांनी संपण्याचं प्रमाण चढत जातं, हलक्या गटांत त्या पंचांच्या गुणांपर्यंत पोचतात. थोडक्यात, खालच्या वजनांत कसब दिसायला वेळ मिळतो आणि वरच्या वजनांत नशिबाला जागा मिळते. म्हणून मिओचिचचे तीन आणि जॉन्सनचे अकरा एकाच मापाने मोजता येत नाहीत.

त्यातही ‘वजन’ म्हणून जे लिहिलं जातं ते बऱ्याचदा शुक्रवार सकाळचं असतं. १७० पौंडांचा फायटर पाणी तोडून, घाम काढून काट्यावर उभा राहतो आणि शनिवारी रात्री पिंजऱ्यात उतरतो तेव्हा १८५ च्या आसपास असतो. पॅरिसमध्ये २०२४ च्या ऑगस्टमध्ये विनेश फोगाटची सोन्याची लढत १०० ग्रॅमनी गेली, तेव्हा रात्रभर दोरीवरच्या उड्या, सौना आणि केस कापणं हे काय असतं ते घराघरात कळलं. तसंच हे, फक्त इथे काटा आणि लढत यांत सबंध दिवसाहून जास्त अंतर असल्याने उतरवलेलं वजन परत चढवायला वाव असतो. डिसेंबर २०१५ मध्ये यांग जियानबिंग हा चिनी फ्लायवेट मनिलाच्या लढतीआधी वजन उतरवताना गेला. त्यानंतर सिंगापूरच्या ‘वन चॅम्पियनशिप’ने काट्याबरोबर शरीरातल्या पाण्याचीही तपासणी लावली आणि गट वर सरकवले, तिथला फ्लायवेट १३५ पौंडांचा आहे. म्हणजे जगातल्या दोन मोठ्या संस्थांमध्ये एकाच नावाच्या गटात दहा पौंडांचा फरक.

वजन पुसून तुलना करण्याची हौस बॉक्सिंगमधून आली. हेवीवेट मुष्टियोद्ध्याला गाव ओळखतं, हलक्याला फक्त दर्दी. म्हणून दर्द्यांनी ‘पाउंड फॉर पाउंड’ हे माप काढलं आणि ते शुगर रे रॉबिन्सनला कायमचं चिकटलं. गंमत अशी की लहान माणसाला न्याय द्यायला काढलेल्या या मापाने लगेच त्याला वरच्या वजनात ढकलायला सुरुवात केली. २५ जून १९५२ ला न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये रॉबिन्सन सुमारे १५ पौंड जड जोई मॅक्झिमशी लाइट हेवीवेट किताबासाठी लढला. तिन्ही पंचांच्या कागदावर तो पुढे होता. पण उकाडा इतका होता की दहाव्या फेरीनंतर रेफरीच बदलावा लागला, आणि चौदाव्या फेरीची घंटा झाली तेव्हा रॉबिन्सन स्टुलावरून उठला नाही. मॅक्झिम रॉबिन्सनहून मोठा मुष्टियोद्धा होता असं त्या रात्रीनंतरही कोणी म्हटलं नाही. त्याच उन्हाळ्यात, महिन्याभराने, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत ५७ किलोंच्या बँटमवेटमध्ये कांस्य आणलं. आपल्याकडच्या मातीला मात्र केसरीची गदा उचलणारा भरदार मल्लच ‘खरा’ पैलवान वाटत आला. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

आता ठरलेली नावं घेऊ.

फ्योदोर एमेल्यानेन्को. स्तारी ओस्कोलचा, चेहऱ्यावर काही न दाखवणारा, पोट थोडं सुटलेला, १०६ किलोंचा. जपानच्या ‘प्राइड’ या संस्थेत पिंजरा नव्हता, दोरांचं रिंगण होतं. पहिली फेरी दहा मिनिटांची. खाली पडलेल्याच्या डोक्यावर लाथ मारायला परवानगी. २००४ च्या जूनमध्ये केव्हिन रँडलमनने त्याला कमरेतून उचलून असा पाठीमागे आपटला की तो मानेवर पडला. ते चित्रण आजही पाहताना अंग आखडतं. फ्योदोर उठला, वळला, आणि दीड मिनिटाच्या आसपास रँडलमनचा खांदा मुरगळून त्याच्याकडून हार मान्य करवून घेतली. २००० च्या अखेरीस एका जखमेमुळे मिळालेली हार सोडली तर २०१० पर्यंत, जवळजवळ दहा वर्षं, हेवीवेटमध्ये तो हरला नाही. ज्या गटात कोणालाही तीनच्या वर किताब राखता येत नाही तिथे दहा वर्षं! याच दहा वर्षांसाठी फ्योदोरचं नाव पहिल्या तिघांत घ्यावंच लागतं. मात्र त्यातल्या सगळ्याच लढती नोगुएरा, क्रो कॉप अशा तगड्यांशी नव्हत्या. सात फूट दोन इंचांच्या चोई होंग-मानसारखे तमाशे त्यात होते. यूएफसीत तो कधीच उतरला नाही. आणि तेव्हाच्या जपानमध्ये उत्तेजकांची तपासणी गंभीरपणे होत नव्हती, म्हणून त्या काळातल्या कुठल्याच नोंदीला पूर्ण गुण देणं मला अवघड जातं. २०११ च्या जुलैत डॅन हेंडरसनने त्याला पहिल्याच फेरीत पाडलं. हेंडरसनची कारकीर्द बहुतेक त्याच्या खालच्या गटांत गेलेली.

अँडरसन सिल्वाला पाहणं हा वेगळाच आनंद होता. २००६ ते २०१२ सलग सोळा विजय, त्यातले तीन वीस पौंड वरच्या गटात. फॉरेस्ट ग्रिफिन त्याला मारायला धावत राहिला आणि सिल्वा फक्त मान हलवून ठोसे चुकवत राहिला, मग मागे सरकता सरकता एका हलक्या उजव्या ठोशाने त्याला झोपवलं. चेल सोनेनविरुद्ध चार फेऱ्या मार खाऊन पाचव्या फेरीत खालून त्रिकोण लावला. जुलै २०१३ मध्ये तोच खोडसाळपणा अंगाशी आला. हात खाली सोडून, चेष्टा करत असताना क्रिस वाइडमनने त्याला झोपवलं. पुढच्या लढतीत त्याचा पाय मोडला, आणि २०१५ मध्ये तो उत्तेजक चाचणीत अडकला. त्यानंतर सिल्वाचं नाव घेताना आवाज आपोआप खाली येतो.

जॉन जोन्सवर मी थोडं जास्त बोलणार आहे, कारण यूएफसीचे प्रमुख डेना व्हाइट इतकी वर्षं तोच सर्वांत मोठा असं ठासून सांगत आले आहेत. तेविसाव्या वर्षी, मार्च २०११ मध्ये, तो यूएफसीचा सर्वांत तरुण विजेता झाला. हातांचा पल्ला ८४ इंचांहून जास्त. दूरवरूनच समोरच्याच्या गुडघ्यावर लाथ, जवळ आलात तर कोपर, आणखी जवळ आलात तर कुस्ती. त्याच्या नावावरची एकमेव हार म्हणजे मॅट हॅमिलविरुद्ध वरून सरळ खाली मारलेल्या कोपरांमुळे बाद ठरवलं जाणं, आणि तो नियमच नंतर २०२४ मध्ये रद्द झाला. २०२३ च्या मार्चमध्ये तीन वर्षांनी परतून त्याने सिरिल गानला दोन मिनिटांत हरवून हेवीवेटचा रिकामा किताब घेतला.

कौशल्यावर वाद नाही. पण २०१५ मध्ये गाडी धडकवून पळाल्याने किताब काढून घेतला गेला, २०१६ मध्ये यूएफसी २०० च्या तोंडावर चाचणीत पकडला गेला, २०१७ मध्ये डॅनियल कॉर्मियरवरचा विजय उत्तेजकामुळे रद्द झाला. डिसेंबर २०१८ मध्ये त्याच्या चाचणीत त्याच औषधाचे अंश आढळले तेव्हा तर आठवड्यापेक्षा कमी अवधीत आख्खी स्पर्धा लास वेगासहून लॉस एंजेलिसला उचलून नेण्यात आली. ज्यांनी तिकिटं, हॉटेलं, विमानं घेतली होती त्या प्रेक्षकांचं काय झालं असेल! वजनाचा फायदा मोजायला आपण पौंड पौंड तोलतो, आणि औषधाचा फायदा मात्र ‘तो तरीही जिंकलाच असता’ म्हणून सोडून देतो. हा पक्षपात आहे. शिवाय डॉमिनिक रेयेसविरुद्ध २०२० मध्ये पंचांनी दिलेला निकाल अनेकांना मान्य नव्हता, आणि शेवटी आव्हानवीर टॉम अॅस्पिनॉल समोर उभा असताना जोन्सने २०२५ च्या जूनमध्ये निवृत्ती घेतली. मिओचिचला त्याने हरवलं खरं, पण तो बेचाळीस वर्षांचा, तीन वर्षांहून जास्त काळ न लढलेला मिओचिच होता.

खबीब नुरमागोमेदोव्ह २९ लढतींत एकही हरला नाही. दागेस्तानच्या डोंगरातल्या कुस्तीने त्याने मॅकग्रेगरपासून गेथजीपर्यंत सगळ्यांना जमिनीवर दाबून ठेवलं आणि वडील गेल्यावर २०२० मध्ये थांबला. निर्मळ नोंद. पण किताब राखले तीनच.

एक नाव या वादात सहसा येतच नाही. अमांडा नुनेझ. डिसेंबर २०१६ मध्ये रोंडा राउझीला ४८ सेकंदांत, डिसेंबर २०१८ मध्ये वरच्या वजनाच्या, तेरा वर्षं न हरलेल्या क्रिस सायबोर्गला ५१ सेकंदांत पाडलं. होली होम, मिशा टेट, व्हॅलेंटिना शेवचेंको या विजेत्यांनाही हरवलं आणि २०२३ मध्ये दोन्ही वजनांचे पट्टे पिंजऱ्यात ठेवून घरी गेली. ‘वरच्या वजनातल्या सर्वोत्तमाला हरवलं पाहिजे’ ही अट खरंच लावायची असेल तर ती तिच्याइतकी चोख कोणीच पूर्ण केलेली नाही. १४५ पौंडांत स्त्रिया फारच कमी होत्या, हे खरं. पण पुरुषांच्या गटांतली अशी विरळ जागा दिसली की आपण तेवढे काटेकोर नसतो.

जॉर्जेस सेंट-पिएर हा क्वेबेकचा माणूस माझ्या यादीत सर्वांत वर असायला अगदी थोडा कमी पडतो. लहानपणी क्योकुशिन कराटे शिकलेला. कधी कचरा उचलण्याचं, कधी बारच्या दारावर उभं राहण्याचं काम केलेलं. कुस्ती त्याची नव्हतीच. ती तो मॉन्ट्रियलमध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय संघातल्या मल्लांबरोबर मोठेपणी शिकला, आणि अमेरिकेत शाळेपासून कुस्ती खेळलेल्यांना त्यांच्याच डावाने खाली घालू लागला. एप्रिल २००७ मध्ये मॅट सेराने, ज्याला कोणी गृहीतही धरलं नव्हतं, त्याला पहिल्याच फेरीत ठोशांनी संपवलं. मानसशास्त्रज्ञाने त्याला एक वीट घ्यायला लावली, तिच्यावर सेराचं नाव लिहून ती जवळ बाळगायला सांगितली, आणि मग नदीत फेकायला. दुसऱ्या वर्षी मॉन्ट्रियलमध्येच त्याने सेराकडून किताब परत घेतला, आणि पुढे नऊ वेळा राखला. त्यांतल्या आठ लढती पंचांच्या गुणांवर गेल्या. यावरून लोकांनी त्याला कंटाळवाणा ठरवलं. मला उलट वाटतं. सेराच्या त्या एका ठोशाने त्याला नशीब काय असतं ते शिकवलं होतं, आणि पुढची सहा वर्षं तो पद्धतशीरपणे नशिबाला दाराबाहेर ठेवत होता. ज्या दोघांकडून हरला त्या दोघांनाही त्याने नंतर हरवलं. स्वखुशीने जास्त कडक चाचण्या मागितल्या, संस्था नको म्हणत असताना. चार वर्षं पिंजऱ्याबाहेर राहून, नोव्हेंबर २०१७ मध्ये, परतून मायकल बिस्पिंगचा मिडलवेट किताबही घेतला. पंधरा पौंडांची किंमत अशी की त्यानंतर लगेच मोठ्या आतड्याचा आजार निघाला आणि महिन्याभरात पट्टा परत करावा लागला.

पंधरा नाही, दहा पौंडही पुरतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये पर्थला ‘पाउंड फॉर पाउंड’ क्रमवारीतले पहिले दोघे, १४५ चा अलेक्झांडर व्होल्कानोव्स्की आणि १५५ चा इस्लाम मखाचेव्ह, भिडले. पाच फेऱ्या इतक्या अटीतटीच्या झाल्या की हरूनही व्होल्कानोव्स्कीची किंमत वाढली. ऑक्टोबरमध्ये, जेमतेम दीड आठवड्याच्या तयारीवर, तो पुन्हा वरच्या वजनात गेला आणि पहिल्याच फेरीत डोक्यावर लाथ खाऊन कोसळला. ‘वर चढून दाखव’ म्हणणं सोपं आहे.

मग मोजायचं कसं? माझं माप एवढंच: प्रत्येक माणसाला त्याच्याच वजनातल्या इतरांशी ताडून पाहावं. गटाचं जे नशीब आहे ते सगळ्यांना सारखंच असतं. त्या नशिबाला कोण किती वाकवतो ते पाहावं. हेवीवेटमध्ये मिओचिचचे तीन, त्याच्या मागे दोन-दोनवाले बरेच. मिडलवेटमध्ये सिल्वाचे दहा, मग इस्रायल अदेसान्याचे पाच. वेल्टरवेटमध्ये सेंट-पिएरचे नऊ, मग ह्यूज आणि उस्मान पाच-पाच. लाइट हेवीमध्ये जोन्सचे सलग आठ, टिटो ऑर्टिझचे पाच. आणि फ्लायवेटमध्ये जॉन्सनचे अकरा, त्याच्यामागे अलेक्झांद्रे पांटोजाचे चार. ‘हलक्या वजनात किताब राखणं सोपं’ म्हणणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा पाहावा. जॉन्सन गेल्यावर हाच पट्टा फिगेरेदो आणि मोरेनो यांच्यात चार लढतींमध्ये इकडून तिकडे फिरत राहिला. गट तोच, वजन तेच. फक्त जॉन्सन नव्हता.

विरोधातला खरा मुद्दा वेगळा आहे, आणि तो मी टाळत नाही. २०१२ ते २०१७ या काळात यूएफसीचा फ्लायवेट विरळ होता. काही आव्हानवीर असे होते की दुसऱ्या गटात त्यांना किताबाची संधी मिळाली नसती. आणि १३५ मध्ये डॉमिनिक क्रूझने जॉन्सनला हरवलं होतं, हेही खरं. त्या दिवसांत तो गोदामात पूर्ण वेळ नोकरी करून सराव करत असे. पण ज्यांना हरवलं त्यांत हेन्री सेहुडो होता, बीजिंगचा ऑलिंपिक सुवर्णविजेता मल्ल, ज्याला २०१६ मध्ये त्याने तीन मिनिटांच्या आत गुडघ्यांनी संपवलं. क्योजी होरिगुची होता, ज्याला पाचव्या फेरीच्या चार मिनिटं एकोणसाठ सेकंदांना, अक्षरशः शेवटच्या सेकंदाला, आर्मबार लावला. यूएफसीत याहून उशिरा कोणी लढत निकाली काढलेली नाही. जोसेफ बेनाविदेझशी पहिली लढत गुणांवर अटीतटीची, दुसरी दोन मिनिटांत ठोशावर. एका माणसाला दोनदा वेगवेगळ्या तऱ्हेने हरवता येणं ही मला अकराच्या आकड्याहून मोठी गोष्ट वाटते.

पैसा मात्र कधीच आला नाही. २०१८ मध्ये मॅकग्रेगर-खबीब लढतीच्या घरबसल्या पाहायच्या प्रक्षेपणाची (पे-पर-व्ह्यू) जवळपास २४ लाख विक्री झाल्याचं सांगितलं गेलं; जॉन्सन मुख्य लढतीत असलेल्या यूएफसी १७४ चा अंदाज लाखाच्या आसपासचा होता. ऑगस्ट २०१८ मध्ये सेहुडोने दुभंगलेल्या निकालावर त्याचा किताब घेतला आणि तीन महिन्यांच्या आत यूएफसीने त्याला ‘वन चॅम्पियनशिप’ला देऊन बदल्यात बेन अॅस्क्रेन नावाचा मल्ल घेतला. या खेळात अशी अदलाबदल पूर्वी ऐकिवात नव्हती. फ्लायवेट गटच बंद करण्याच्या गोष्टी तेव्हा चालल्या होत्या.

सिंगापूरला जाऊन त्याने जे केलं ते यादीत सहसा मोजलं जात नाही. आद्रियानो मोराएसने २०२१ मध्ये खाली पडलेल्या जॉन्सनच्या डोक्यावर गुडघा मारून त्याला संपवलं. यूएफसीत तो गुडघा बेकायदा ठरला असता, ‘वन’मध्ये नाही. जॉन्सनने नियमाची तक्रार केली नाही. २०२२ मध्ये त्याने मोराएसला उडत्या गुडघ्यानेच पाडलं, आणि पुढच्या वर्षी छत्तिसाव्या वर्षी पाच फेऱ्यांत पुन्हा हरवलं. मध्ये, मार्च २०२२ मध्ये, तो थायलंडच्या रोडटांगशी एका विचित्र लढतीत उतरला. पहिली फेरी मुए थाईची, म्हणजे रोडटांगच्या घरची. दुसरी मिश्र नियमांची. पहिली फेरी मार खात का होईना काढली, आणि दुसरीत पाठीवर चढून गळा आवळला. २०२४ मध्ये ब्राझिलियन जुजित्सूच्या खुल्या गटात त्याने आपल्याहून शंभरावर पौंड जड माणसाकडून हार मान्य करवून घेतली. पिंजऱ्यातली लढत नव्हती ती, ठोसे नव्हते. तरी वजनाच्या वादात ही लढत कोणाला आठवत नाही याचं मला नवल वाटतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो थांबला.

तेव्हा माझा क्रम: जॉन्सन, त्याच्यामागे हातभर अंतरावर सेंट-पिएर, मग फ्योदोर. नुनेझला मी या तिघांच्या बरोबरीने बसवतो. जोन्सला नाही.

आणि यादी बंद झालेली नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मखाचेव्ह १५५ सोडून १७० मध्ये गेला आणि जॅक डेला मॅडालेनाला पाच फेऱ्या जमिनीवर दाबून वेल्टरवेट किताब घेऊन आला. सलग सोळा विजय, सिल्वाच्या बरोबरीने. आता वेल्टरवेटमध्ये त्याने उस्मानचे पाच ओलांडले, तर हा क्रम मला परत मांडावा लागेल.